गिरमिटियाचा नातू आणि सत्तेचे तीन दरवाजे

(फिजीचे माजी पंतप्रधान आणि दोन वेळचे अर्थमंत्री महेंद्र चौधरी यांच्या राजकीय जीवनावरील व्याख्यानाची संहिता)



फिजीच्या इतिहासात १४ मे ही तारीख दोनदा येते. १४ मे १८७९ रोजी ‘लिओनिदास’ नावाचे जहाज कोलकात्याहून निघून सुमारे अडीच महिन्यांच्या प्रवासानंतर लेवुका बंदरापाशी पोहोचले. त्यात ४६३ भारतीय मजूर होते. प्रशांत महासागरातील त्या द्वीपसमूहावर उतरलेली भारतीयांची ती पहिली तुकडी. त्यानंतर बरोबर १०८ वर्षांनी, १४ मे १९८७ रोजी सकाळी, राजधानी सुवा येथील संसदेत मुखवटे घातलेले सशस्त्र सैनिक शिरले आणि जेमतेम महिनाभरापूर्वी निवडून आलेले सरकार त्यांनी बंदुकीच्या धाकाने बाहेर काढले. त्या सरकारच्या अर्थमंत्र्यांचे नाव होते महेंद्र पाल चौधरी.

या गृहस्थांच्या वाट्याला सत्ता तीनदा आली. १९८७ मध्ये अर्थमंत्री म्हणून एक महिना, १९९९ मध्ये पंतप्रधान म्हणून एक वर्ष आणि २००७ मध्ये पुन्हा अर्थमंत्री म्हणून सुमारे दीड वर्ष. तिन्ही कालखंडांची बेरीज तीन वर्षेही भरत नाही. विशेष म्हणजे, तिन्ही वेळा त्यांना मंत्रिपदावरून खाली उतरवणारा मतदार नव्हता. आणि तिसऱ्या वेळी तर त्यांना त्या पदावर बसवणाराही मतदार नव्हता. या विलक्षण वाटचालीतून परदेशस्थ भारतीय समाजाच्या राजकारणाचे जे प्रश्न उभे राहतात, ते आज समजून घ्यायचे आहेत. हे प्रश्न गौरवगीताने सुटत नाहीत आणि शोकगीतानेही सुटत नाहीत.

गिरमिटचा वारसा

मजूर भरतीच्या करारपत्राला इंग्रजीत ‘अ‍ॅग्रीमेंट’ म्हणत. आपल्या भोळ्या माणसांच्या तोंडी त्याचे ‘गिरमिट’ झाले आणि त्या करारावर अंगठा उठवणारा ‘गिरमिटिया’ झाला. १८७९ ते १९१६ या काळात सुमारे ६० हजार भारतीय या मार्गाने फिजीत गेले. करार पाच वर्षांचा. मालक मुख्यतः ऑस्ट्रेलियातील कॉलोनियल शुगर रिफायनिंग कंपनी. राहायला लांबलचक बराकी, त्यांत दाटीवाटीच्या खोल्या. त्या जीवनाला मजुरांनी स्वतःच दिलेले नाव होते ‘नरक’.

या प्रथेविरुद्ध हिंदुस्थानात जो आवाज उठला, त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९१२ साली मध्यवर्ती कायदेमंडळात करारबद्ध मजुरी बंद करण्याचा ठराव मांडला. सरकारी बहुमताने तो फेटाळला गेला. पण लोकमत जागे झाले ते झालेच. १९१७ मध्ये भरती थांबली आणि १ जानेवारी १९२० रोजी फिजीतील उरलेले सर्व करार रद्द झाले.

मुक्त झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक तेथेच राहिले. त्यांनी ऊस लावला, शाळा काढल्या, सायंकाळी ढोलक-झांजांच्या साथीने रामचरितमानसाचे पाठ चालू ठेवले. अवधी-भोजपुरीच्या मिश्रणातून त्यांची स्वतःची फिजी हिंदी जन्माला आली. सगळे मिळाले, एक गोष्ट मिळाली नाही, ती म्हणजे जमीन. फिजीतील चार-पंचमांशाहून अधिक जमीन मूळ फिजियन कुळांच्या सामुदायिक मालकीची आहे आणि ती विकता येत नाही. १९४० पासून तिचा कारभार एका विश्वस्त मंडळाकडे आहे. ऊस पिकवणारा भारतीय शेतकरी हा भाडेपट्ट्यावरचा शेतकरी. १९७६ च्या कायद्याने त्याला तीस वर्षांच्या पट्ट्याची हमी मिळाली. परंतु तीस वर्षे सरल्यावर पुढे काय, हा प्रश्न तसाच राहिला.

येथे दुसरी बाजूही नीट ध्यानात घेतली पाहिजे. ज्यांना आज ‘इ-तौकेई’ म्हणतात, त्या मूळ फिजियनांच्या दृष्टीने जमीन हाच त्यांच्या कुळाचा, पूर्वजांचा आणि प्रतिष्ठेचा आधार. १९८६ च्या जनगणनेत भारतीय वंशाचे लोक ४८ टक्क्यांहून अधिक आणि मूळ फिजियन ४६ टक्के होते. आपल्याच बेटांवर आपण संख्येने मागे पडलो, ही भावना त्यांच्यात होती. त्या भावनेचा वापर राजकारण्यांनी केला हे खरे. पण ती भावना कुणी हवेतून निर्माण केलेली नव्हती.

लेखापरीक्षक ते अर्थमंत्री

महेंद्र चौधरी यांचा जन्म ९ फेब्रुवारी १९४२ चा, बा या ऊसपट्ट्यातला. त्यांचे आजोबा विसाव्या शतकाच्या आरंभी हरियाणातील रोहतकजवळच्या बहू जमालपूर या गावातून गिरमिटिया म्हणून गेलेले. नातू सरकारी लेखापरीक्षण कार्यालयात नोकरीला लागला. हिशेबाची शिस्त आणि आकडेवारीचे प्रेम त्यांना तेथे लाभले. १९७० मध्ये ते सरकारी कर्मचाऱ्यांच्या संघटनेचे सरचिटणीस झाले, आणि १९७८ मध्ये ऊस उत्पादक शेतकऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेचेही सरचिटणीस झाले. शहरातला कारकून आणि शेतातला ऊसकरी, असे दोन्ही वर्ग एकाच नेत्यामागे उभे राहिले, हीच त्यांची खरी शक्ती होती.

भारतीयांचा जुना पक्ष म्हणजे नॅशनल फेडरेशन पार्टी. अंबालाल डाह्याभाई पटेल या विद्वान वकिलाने तो उभा केला. परंतु पटेलांच्या पश्चात तेथे गटबाजीने घर केले. १९७७ च्या निवडणुकीत या पक्षाला ५२ पैकी २६ जागा मिळाल्या, प्रतिस्पर्धी अलायन्स पक्षाला २४. सरकार बनवण्याची संधी दारात उभी होती. पण नेता कोण, यावर पक्षातच घोळ सुरू झाला. गव्हर्नर-जनरलांनी अलायन्सच्या रातू सर कामिसेसे मारा यांनाच पुन्हा पाचारण केले. त्याच वर्षी पुन्हा निवडणूक झाली, तेव्हा एकाच पक्षाचे दोन तट ‘फूल’ आणि ‘कबुतर’ या दोन निशाण्यांवर परस्परांविरुद्ध लढले. बाहेरच्या शत्रूची गरजच उरली नाही.

ही परंपरा मोडण्यासाठी कामगार चळवळीतील मंडळींनी १९८५ साली फिजी लेबर पार्टी स्थापन केली. वंशाच्या रेषेवर उभे राहण्याऐवजी पोटाच्या प्रश्नावर उभा राहणारा पक्ष, ही त्यामागची कल्पना. अध्यक्ष डॉ. तिमोथी बावद्रा हे मूळ फिजियन. चौधरी हे संस्थापकांपैकी एक. एप्रिल १९८७ मध्ये लेबर आणि फेडरेशन यांच्या आघाडीने ५२ पैकी २८ जागा जिंकल्या. बावद्रा पंतप्रधान झाले. भारतीय वंशाच्या मंत्र्यांना प्रथमच मोठा वाटा मिळाला आणि अर्थखाते चौधरींकडे आले.

महिन्याभरात लेफ्टनंट कर्नल सितिवेनी राबुका यांनी ते सरकार उलथवले. सप्टेंबरमध्ये त्यांनी दुसऱ्यांदा उठाव केला आणि ऑक्टोबरमध्ये फिजी प्रजासत्ताक घोषित झाले. राबुका हे मेथॉडिस्ट पंथाचे धर्मोपदेशकही होते आणि फिजी ख्रिस्ती राष्ट्र व्हावे असा त्यांच्या समर्थकांचा आग्रह होता. रविवारचे व्यवहार वटहुकमाने बंद झाले. १९८९ मध्ये लौतोका शहरात मंदिर, मशीद आणि गुरुद्वारा यांना आगी लावल्या गेल्या. भारत सरकारने राष्ट्रकुलात फिजीविरुद्ध ठाम भूमिका घेतली, तेव्हा १९९० मध्ये सुव्यातील भारतीय दूतावासालाच टाळे लागले. तो १९९९ मध्ये पुन्हा उघडला. डॉक्टर, शिक्षक, हिशेबनीस असे सुशिक्षित भारतीय हजारोंच्या संख्येने ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि कॅनडाकडे निघून गेले.

पहिला सौदा

१९९० ची राज्यघटना ही भारतीयांच्या दुय्यम नागरिकत्वाचा लेखी दस्तऐवज होती. ७० जागांपैकी ३७ मूळ फिजियनांना, २७ भारतीयांना. पंतप्रधानपद मूळ फिजियनासाठी राखीव. बावद्रा १९८९ मध्येच निवर्तले होते आणि लेबर पक्षाची धुरा काही काळातच चौधरींकडे आली. १९९२ च्या निवडणुकीत भारतीयांच्या २७ जागांपैकी १४ फेडरेशनला आणि १३ लेबरला मिळाल्या. समाज नेमका मधोमध दुभंगलेला.

मग जे घडले, ते ऐकताना आजही नवल वाटते. पंतप्रधानपदासाठी दोन फिजियन नेत्यांत स्पर्धा लागली आणि चौधरींच्या १३ खासदारांनी आपला पाठिंबा दिला तो राबुकांना! ज्याने १९८७ मध्ये त्यांना बंदुकीच्या टोकावर संसदेबाहेर काढले, त्याच माणसाला. मोबदल्यात घटनेचा फेरविचार, जमिनीचे पट्टे, कर आणि कामगार कायदे यांबाबत आश्वासने घेतली होती. ती पाळली गेली नाहीत असे सांगून चौधरींनी पुढे पाठिंबा काढला. १९९४ च्या निवडणुकीत मतदारांनी लेबरला २७ पैकी केवळ ७ जागा दिल्या.

याला संधिसाधूपणा म्हणायचे की हतबलतेतून काढलेली वाट? ज्या समाजाला घटनेनेच कायम अल्पमतात ठेवले आहे, त्याच्या नेत्यासमोर सौदा करणे किंवा बाहेर बसून निषेध करणे असे दोनच मार्ग उरतात. चौधरींनी सौद्याचा मार्ग स्वीकारला. तो मार्ग त्यांना पुन्हा एकदा खुणावणार होता.

एक वर्षाचे पंतप्रधान

राबुकांनाही काळाने शहाणे केले. फेडरेशनचे नेते जयराम रेड्डी यांच्याशी त्यांनी वाटाघाटी केल्या आणि १९९७ मध्ये संसदेने नवी राज्यघटना एकमताने संमत केली. पंतप्रधानपदावरील वंशाचे बंधन गेले. जून १९९७ मध्ये रेड्डी फिजियन सरदारांच्या महापरिषदेसमोर बोलले. तो मान मिळालेले ते पहिले भारतीय नेते. फिजी राष्ट्रकुलात परतले.

परंतु मे १९९९ च्या निवडणुकीत या समेटाच्या दोन्ही शिल्पकारांना मतदारांनी नाकारले. चौधरींनी बेकारी, महागाई आणि सरकारी उद्योगांच्या विक्रीचा प्रश्न लावून धरला. लेबरने ७१ पैकी ३७ जागा मिळवल्या. भारतीयांच्या सर्वच्या सर्व १९ जागा त्यांच्या पदरात पडल्या. भारतीय मतांपैकी सुमारे एक-तृतीयांश मते मिळवूनही रेड्डींच्या पक्षाला एकही जागा मिळाली नाही. विजय निर्भेळ दिसत होता. पण मूळ फिजियनांशी संवादाचा पूल बांधलेला नेता त्याच विजयात संसदेबाहेर फेकला गेला, ही त्याची न दिसणारी किंमत होती.

१९ मे १९९९ रोजी गिरमिटियाचा नातू फिजीचा पंतप्रधान झाला. आघाडीतील काही फिजियन नेत्यांची कुरकुर होती. राष्ट्राध्यक्ष झालेल्या मारा यांनी त्यांची समजूत घातली. दोन्ही उपपंतप्रधान मूळ फिजियन होते आणि मंत्रिमंडळात राष्ट्राध्यक्षांच्या कन्याही होत्या. सरकारने जीवनावश्यक खाद्यपदार्थांवरील मूल्यवर्धित कर काढला आणि खासगीकरण थांबवले. तीस वर्षांचे पट्टे १९९७ पासून संपू लागले होते. जमिनीवरून उठावे लागलेल्या शेतकऱ्यांसाठी प्रत्येकी २८ हजार फिजी डॉलरचे पुनर्वसन साहाय्य सरकारने देऊ केले.

शेतकऱ्याच्या दृष्टीने हा न्याय होता. पण जमिनीच्या प्रश्नावर विश्वस्त मंडळाशी आणि सरदारांशी सरकारचे संबंध ताणले गेले. ‘भारतीय पंतप्रधान आपली जमीन घेणार’ ही आरोळी गावोगाव फिरू लागली. चौधरी स्वभावाने करारी. कामगार पुढाऱ्याची वाटाघाटीची कठोर पद्धत त्यांच्या अंगी मुरलेली. वृत्तपत्रांशीही त्यांचे खटके उडाले. मालकाशी भांडताना जो गुण उपयोगी पडतो, तो घाबरलेल्या शेजाऱ्याला धीर देताना उपयोगी पडतोच असे नाही.

१९ मे २००० रोजी, पदग्रहणाच्या नेमक्या वर्षदिनी, जॉर्ज स्पाइट हा अपयशी व्यापारी लष्करातील काही बंडखोर सैनिकांसह संसदेत घुसला. पंतप्रधान आणि मंत्री ओलीस धरले गेले. चौधरींना मारहाण झाली. सुव्यात भारतीयांची दुकाने लुटली गेली. ग्रामीण भागात मुआनीवेनीसारख्या वस्त्यांतून भारतीय कुटुंबांना घरदार सोडून पळावे लागले. त्यांना आसरा मिळाला तो लौतोका येथील गिरमिट केंद्रात. आजोबांच्या स्मरणार्थ उभारलेल्या वास्तूत नातवंडांनी निर्वासित म्हणून राहावे, यापेक्षा इतिहासाचा कठोर विनोद तो कोणता!

छप्पन्न दिवसांनी, १३ जुलै रोजी, चौधरी मुक्त झाले. दरम्यान राष्ट्राध्यक्षांनी त्यांचे सरकार बडतर्फ केले होते, लष्करप्रमुख फ्रँक बैनीमारामा यांनी सत्ता हाती घेतली होती आणि लैसेनिया करासे यांचे हंगामी सरकार आले होते. दिल्लीत तेव्हा अटलबिहारी वाजपेयी यांचे सरकार होते. भारताने निषेध नोंदवला, राष्ट्रकुलाने फिजीला आपल्या बैठकांतून वगळले. परंतु हजारो मैलांवरच्या बेटात गेलेली सत्ता कुणी परत आणून दिली नाही.

न्यायालयाचा दरवाजा

येथून पुढची पाच-सहा वर्षे हा चौधरींच्या जीवनातील सर्वांत उजळ कालखंड म्हणता येईल. सूडाची भाषा न करता त्यांनी घटनेचा आणि न्यायालयाचा मार्ग धरला. एका विस्थापित भारतीय शेतकऱ्याने केलेल्या दाव्यात १ मार्च २००१ रोजी अपील न्यायालयाने १९९७ ची घटना अद्याप जिवंत असल्याचा निर्णय दिला. तरीही चौधरींना पद परत मिळाले नाही. संसद विसर्जित करून नव्या निवडणुका घेण्यात आल्या. त्यांत करासे यांच्या पक्षाला ३२ आणि लेबरला २७ जागा मिळाल्या.

घटनेनुसार दहा टक्क्यांहून अधिक जागा असलेल्या पक्षाला मंत्रिमंडळात स्थान देणे पंतप्रधानावर बंधनकारक होते. करासे यांनी ते नाकारले. चौधरी पुन्हा न्यायालयात गेले आणि जुलै २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. हाती आलेली खाती मात्र दुय्यम होती. अखेर २००४ मध्ये त्यांनी ती नाकारून विरोधी पक्षनेतेपद स्वीकारले. न्यायालय हक्क सांगू शकते. सहकाऱ्याच्या मनात विश्वास निर्माण करू शकत नाही.

२००६ च्या निवडणुकीत करासे यांना ३६ आणि लेबरला ३१ जागा मिळाल्या. या वेळी लेबरचे नऊ नेते खरोखरच मंत्री झाले. चौधरी स्वतः बाहेर राहिले आणि मंत्री झालेल्या सहकाऱ्यांशीच त्यांचे मतभेद विकोपाला गेले. दोन्ही वंशांच्या एकत्रित कारभाराचा तो प्रयोग काही महिनेच चालला.

तिसरा दरवाजा

५ डिसेंबर २००६ रोजी बैनीमारामा यांनी लष्करी बळाने करासे सरकार उलथवले. आपला लढा वंशवाद आणि भ्रष्टाचार यांविरुद्ध असल्याचे त्यांनी जाहीर केले. जानेवारी २००७ मध्ये त्यांच्या हंगामी सरकारात अर्थ, राष्ट्रीय नियोजन आणि साखर उद्योग या खात्यांचे मंत्री म्हणून शपथ घेतली ती महेंद्र चौधरी यांनी.

चौधरींच्या बाजूने सांगण्यासारखे पुष्कळ आहे. करासे सरकारने २००० च्या उठावातील लोकांना क्षमा करण्याचा मार्ग खुला करणारे विधेयक आणले होते. युरोपीय बाजारात फिजीच्या साखरेला मिळणारा सवलतीचा भाव घटणार होता आणि ऊसकरी संकटात होता. अशा वेळी बाहेर बसून काय साधणार, हा प्रश्न अगदीच गैरलागू नव्हता. परंतु दोन उठावांत सत्ता गमावलेल्या नेत्याने तिसऱ्या उठावातून सत्ता घेतली, तेव्हा त्याच्या हातातील सर्वांत मोठे शस्त्र गळून पडले. ते शस्त्र म्हणजे नैतिक अधिकार. ‘बंदुकीने सरकार बदलणे पाप आहे’ हे वाक्य उच्चारण्याचा हक्क फिजीत ज्या मोजक्या लोकांना होता, त्यांत चौधरी अग्रणी होते. जानेवारी २००७ नंतर ते वाक्य त्यांच्या तोंडी पूर्वीसारखे शोभेना.

व्यवहारातही लाभ झाला नाही. निवडणुका लांबल्या म्हणून युरोपीय संघाने साखर उद्योगाचे साहाय्य रोखून धरले. ऑगस्ट २००८ मध्ये चौधरी सरकारबाहेर पडले. एप्रिल २००९ मध्ये १९९७ ची ती घटना, जिच्यासाठी ते न्यायालयांच्या पायऱ्या चढले होते, बैनीमारामांच्या राजवटीत रद्द झाली.

त्याच सुमारास दुसरे वादळ उठले. चौधरींच्या नावे ऑस्ट्रेलियातील बँकेत मोठी रक्कम असल्याचे उघड झाले. २००० च्या घटनेनंतर आपल्या व कुटुंबाच्या साहाय्यासाठी भारतात जमा झालेला हा निधी आहे, असे त्यांचे म्हणणे होते. रिझर्व्ह बँकेच्या अनुमतीशिवाय परदेशी चलन बाहेर ठेवल्याबद्दल २०१४ च्या एप्रिलमध्ये सुवा येथील उच्च न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले आणि मे महिन्यात २० लाख फिजी डॉलरचा दंड ठोठावला. त्यामुळे त्या वर्षीच्या निवडणुकीला ते उभे राहू शकले नाहीत. खटल्यामागे राजकीय हेतू होता असे त्यांचे समर्थक म्हणत. पण लेखापरीक्षक म्हणून आयुष्य सुरू केलेल्या नेत्याची उमेदवारी अखेर हिशेबाच्याच प्रश्नावर अडली, हे सत्य उरते.

सप्टेंबर २०१४ च्या निवडणुकीत बैनीमारामांच्या पक्षाने ५० पैकी ३२ जागा जिंकल्या. २०१३ च्या घटनेने वंशनिहाय मतदारयाद्या रद्द करून सर्व नागरिकांना ‘फिजियन’ ही एकच ओळख दिली होती. भारतीय मतदार मोठ्या संख्येने त्या सेनानीकडे वळला. १९९९ मध्ये भारतीयांच्या साऱ्या जागा जिंकणाऱ्या लेबरला पाच टक्के मतांचा उंबरठाही ओलांडता आला नाही. २०२२ मध्येही तेच घडले.

मागे काय उरले?

१९८६ मध्ये भारतीय वंशाच्या लोकांची संख्या ३ लाख ४८ हजार होती. २००७ च्या जनगणनेत ती ३ लाख १३ हजारांवर आली आणि लोकसंख्येतील प्रमाण सुमारे ३७ टक्क्यांवर घसरले. साखरेचे उत्पादन १९९० च्या दशकातील पाच लाख टनांच्या पातळीवरून निम्म्याहूनही खाली गेले. राजकारणाच्या या चाळीस वर्षांचा ताळेबंद असा आहे.

पण दुसरा एक ताळेबंद आहे, तोही मांडला पाहिजे. १९१८ मध्ये आर्य समाजाने लौतोकाजवळ सवेनी येथे काढलेल्या गुरुकुलापासून सुरू झालेली परंपरा २००४ मध्ये फिजी विद्यापीठाच्या स्थापनेपर्यंत पोहोचली. १९२६ मध्ये साधू कुप्पुस्वामी यांनी दक्षिण भारतीयांसाठी उभारलेला संगम, सनातन धर्म प्रतिनिधी सभेच्या शाळा, गावोगावच्या रामायण मंडळ्या हे सारे तीन-चार उठावांतून टिकले. या शाळांत भारतीयांबरोबर मूळ फिजियनांची मुलेही शिकतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये विश्व हिंदी संमेलन नांदी या फिजीतील शहरातच भरले. सरकारे पडली, पक्ष विरले. समाजाने स्वतःच्या घामाने उभ्या केलेल्या संस्था राहिल्या. सत्ता एका सकाळी हिरावून घेता येते. शंभर वर्षे चाललेली शाळा तशी हिरावून घेता येत नाही.

आणि ज्या राबुकांपासून या कथेचा काळा अध्याय सुरू झाला, ते डिसेंबर २०२२ मध्ये निवडणुकीच्या मार्गाने पुन्हा पंतप्रधान झाले, तेही भारतीयांच्या जुन्या फेडरेशन पक्षाच्या साथीने. १४ मे २०२३ रोजी सुव्यातील समेटाच्या प्रार्थनासभेत त्यांनी १९८७ च्या उठावांबद्दल भारतीय समाजाची जाहीर क्षमा मागितली. मेथॉडिस्ट चर्चनेही खेद व्यक्त केला. गिरमिट दिन प्रथमच राष्ट्रीय सुट्टीचा दिवस झाला. ३६ वर्षांनी मिळालेली ही कबुली गेलेले काही परत देत नाही. तरीही ती बंदुकीने मिळालेली नाही आणि सौद्यानेही मिळालेली नाही. त्या बेटांवर टिकून राहिलेल्या, शेजाऱ्याशी नाते न तोडलेल्या सामान्य माणसाच्या सहनशक्तीने ती मिळवली आहे.

बंधुभगिनींनो, महेंद्र चौधरी यांचे मूल्यमापन करताना दोन टोके टाळली पाहिजेत. ओलीस असताना न वाकलेला, न्यायालयात न थकलेला हा पुरुष आपल्या आदरास पात्र आहे. तिसऱ्या दरवाजातून आत जाण्याचा त्यांचा निर्णय मात्र आदराच्या पांघरुणाखाली झाकता येणार नाही. आपला माणूस म्हणून आपण त्याच्या पाठीशी उभे राहतो, तेव्हा त्याच्या निर्णयाची चिकित्सा करण्याचे कर्तव्यही आपल्याकडेच येते.

यातून कार्यकर्त्यांनी घ्यायचा बोध अगदी व्यावहारिक आहे. परदेशातील बांधवांवर संकट आले की आपल्याकडे सभा होतात, निषेधाचे ठराव होतात, निधीही जमतो. त्या निधीचा पै-पैचा हिशेब संस्थेच्या नावे, उघडपणे ठेवला गेला पाहिजे. व्यक्तीच्या खात्यावर श्रद्धेने टाकलेला पैसा अखेर त्या व्यक्तीचेही नुकसान करतो. संकट ओसरल्यावर वर्तमानपत्रांतून फिजीचे नाव नाहीसे होते, तेव्हा आपला संबंधही संपता कामा नये. तेथील शाळांना पुस्तके, शिक्षक आणि विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या यांची गरज उठावाच्या वर्षी जितकी असते, तितकीच शांततेच्या वर्षीही असते. आणि जेथे आपला समाज अल्पसंख्य आहे, तेथे त्याचे अंतर्गत ऐक्य आणि मूळ समाजाशी जिव्हाळा या दोन्ही गोष्टी एकाच वेळी जपाव्या लागतात. १९७७ मध्ये पहिली गोष्ट निसटली, १९९९ च्या विजयात दुसरी.

‘लिओनिदास’मधून उतरलेल्या ४६३ जणांकडे मतदानाचा हक्क नव्हता, जमीन नव्हती, नेताही नव्हता. त्यांच्याजवळ कष्ट करणारे हात होते आणि तोंडपाठ असलेल्या काही चौपाया होत्या. त्या भांडवलावर त्यांनी एक समाज उभा केला. त्या समाजाशी आपले नाते नेमके काय, याचा विचार प्रत्येकाने आपल्या घरी, आपल्या शाखेत आणि आपल्या संस्थेत करावा, एवढीच या प्रसंगी प्रार्थना.